गर्व्हेसदादाचा वकील

स्केल्डरबी हॉल, यॉर्कशायर
१७ ऑक्टोबर १९२२

प्रिय होनोरियाताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर आता वाकत नाही, ती वाकली असं कृपया गृहीत धरावं). तुझी प्रकृती, मेहुण्यांची प्रकृती, तुमच्या त्या असंख्य मेंढ्यांची प्रकृती आणि गेल्या पत्रात जिचं पानभर वर्णन होतं ती तुझी दाढ, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. माझं म्हणशील तर एकाहत्तरीच्या मानाने बरा आहे. डावा कान अधूनमधून संपावर जातो. पण तीस वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाला एक कान पुरतो. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात असं आम्ही नुसतं म्हणतो.

आता वरच्या पत्त्याकडे पुन्हा एकदा बघ. चष्मा पुसू नकोस, तू वाचलंस ते बरोबर आहे. मी आपल्या घरी आहे. अकरा वर्षांनी.

माझ्या आणि गर्व्हेसदादाच्या भांडणाची सगळी कागदपत्रं तुझ्याकडेच आहेत. तू तेव्हाही न्यूझीलंडलाच होतीस, म्हणून दोघांनीही आपापली कैफियत तुला लिहून पाठवली होती (आणि तू 'दोघेही गाढव' असा दोन शब्दांचा निकाल दिला होतास. माझ्या उभ्या कारकिर्दीत मला इतका छोटा आणि इतका बिनचूक निकाल देता आलेला नाही). तरी माझ्या मनाच्या समाधानासाठी एकदा सांगतो. लॉर्डांच्या सभागृहाचे दात काढून घेणारा, त्यांचा नकाराधिकार संपवणारा कायदा आला, तेव्हा दादा तिथे बसायचा तो अर्ल म्हणून, बापजाद्यांच्या हक्काने. आणि मी बसायचो तो न्यायाधीश म्हणून. त्या ऑगस्टमध्ये असा उकाडा होता की शंभर शंभर वर्षांच्या घराण्यांच्या कॉलरी वितळून मानेवर आल्या होत्या. दादाने कायद्याच्या विरुद्ध मत दिलं, मी बाजूने. बाहेरच्या बोळात त्याने मला गाठलं आणि एवढंच म्हणाला, "बाबांनी तुला शिकवलं ते आम्हाला बुडवायला का रे?" त्यावर मी बारा मुद्द्यांचं उत्तर दिलं. बाराही मुद्दे मला आजही पाठ आहेत, आणि माझं दुखणं तेच आहे. सातव्या मुद्द्यापाशी तो पाठ फिरवून निघून गेला. उरलेले पाच मी एका दरवाज्याला सांगितले.

त्यानंतर एकदाच इकडे आलो होतो, सहा वर्षांपूर्वी, रूपर्ट फ्रान्समध्ये पडला तेव्हा. देह तर परत आलाच नाही, गावच्या चर्चमध्ये नुसती प्रार्थना झाली. हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही. दादाचा एकुलता एक मुलगा, मी ज्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं तो रूपर्ट, आणि मी मागच्या खांबाआड उभा राहून, शेवटचं भजन सुरू व्हायच्या आत, चार दहाची गाडी पकडली. गाडीची वेळ मला लख्ख आठवते. प्रार्थनेतला शब्दही आठवत नाही.

तर आता हकीकत. सप्टेंबरात मला टिंडल नावाच्या माणसाचं पत्र आलं. हा टिंडल म्हणजे इथल्या तालुक्याच्या कोर्टाचा कारकून. तुला ठाऊकच आहे की दादा चाळीस वर्षं दर मंगळवारी त्या कोर्टात न्यायाला बसतो. गावातली भांडणं, चोरटी शिकार, दारू पिऊन बदकांच्या तळ्यात पडणं, असले खटले. टिंडलने फार अदबीने लिहिलं होतं की, लॉर्डसाहेबांचे निकाल अलीकडे 'जरा स्वतंत्र वळणाचे' होऊ लागले आहेत. एका माणसाला त्यांनी एकाच गुन्ह्यासाठी लागोपाठ तीन मंगळवार ताकीद दिली (तो बिचारा तिन्ही वेळा टोपी काढून मुकाट उभा राहिला). एकदा त्यांनी साक्षीदारालाच सोडून दिलं आणि तो आनंदाने घरी गेला. गावाची तक्रार काही नाही, पण वरून विचारणा होऊ लागली आहे. तेव्हा आपण येऊन त्यांच्याकडून राजीनामा घ्यावा, कारण घरातलं दुसरं कुणी उरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य त्याने बहुधा सहज लिहिलं असेल. मी ते चार वेळा वाचलं.

राजीनाम्याचा मसुदा मी गाडीतच तयार केला आणि दादा मला दारातून हाकलेल तेव्हा काय बोलायचं त्याचीही तयारी केली (या खेपेला फक्त चार मुद्दे, वयाने माणूस सुधारतो). दिवाणखान्यात शिरलो तर दादा खिडकीशी उभा. केस पांढरेफटक झालेत, पण पाठ अजून तशीच ताठ. मला बघून हसला, पुढे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "या, या. बसा ना. आपण कोण?"

ताई, मला वाटलं हा टोमणा आहे! अकरा वर्षं साठवून ठेवलेला, धार लावून ठेवलेला टोमणा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब, मीही त्याच बापाचा आहे. छाती काढून उत्तर दिलं, "मी लंडनचा एक वकील."

"वा!" दादा म्हणाला. "मला वकीलच हवा होता. जेवूनच जा."

तेव्हापासून आजतागायत या घरात मी लंडनचा वकील आहे. बत्तीस खोल्यांत मला माझ्या नावाने ओळखणारी एकटी मिसेस ब्रेथवेट उरली आहे. तिला घरकामाची मुख्य कोण म्हणेल, तीच इथली खरी अर्ल. तिने मला त्या दिवशी बोळात गाठून झापलं, "अहो, टोमणा कसला मारताय! त्यांना नाही कळत आता. मी जेवायला काय वाढलं ते नाही कळत. आणि तुम्ही काय, वकील! सत्तरीचे झालात तरी अकडूपणा गेला नाही मेला." मी लॉर्ड आहे याची तिला आठवण करून देणार होतो, पण तिच्या हातात सुपाचं भांडं होतं.

जेवताना मी दुरुस्तीचा प्रयत्न केला. म्हटलं, "दादा, मी ॲम्ब्रोज." दादाने चमचा खाली ठेवून मला नीट न्याहाळलं आणि मोठ्याने हसला. "ॲम्ब्रोज? छे हो वकीलसाहेब! आमचा ॲम्ब्रोज तुमच्यापेक्षा कितीतरी देखणा." मग भाजलेलं मटण येईपर्यंत आणि ते संपेपर्यंत त्याने मला ॲम्ब्रोज कसा आहे ते ऐकवलं. हट्टी, शिष्ट, मुद्द्याशिवाय बोलत नाही, लहानपणी तिघांच्या वाटणीची जेली एकट्याने खाऊन मांजरावर आळ घेतला (हे खरं आहे ताई, साठ वर्षांनी कबूल करतो, मांजराची माफी मागायची राहिली). वकील म्हणून मला अधूनमधून "फारच वाईट," "असं व्हायला नको होतं," असं म्हणावं लागत होतं. स्वतःच्याविरुद्ध इतकी एकतर्फी सुनावणी मी कधी ऐकली नव्हती, आणि हरकत घ्यायची सोय नव्हती.

पुडिंग आलं तसा त्याने चमचा बाजूला सारला. मग बशीकडे बघत म्हणाला, "रूपर्टच्या प्रार्थनेला आला होता तो. मागे खांबाआड उभा होता. मी पाहिला ना त्याला. उठून मागे जायला हवं होतं मी. सगळे बसलेले, मी कसा उठणार? म्हटलं, संपलं की गाठू. संपलं, तर हा नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही लंडनचे. भेटतो का हो कधी?"

मी म्हणालो, "क्वचित."

मुद्दा एकही आठवला नाही.

त्याच्या डोक्यात रूपर्ट कधी गेलेला असतो, कधी यायचा असतो. दोन्ही खटले एकाच वेळी चालू आहेत, आणि कुठला कधी पुकारला जाईल ते आधी समजत नाही. जमिनीचंही तसंच. ओढ्याकडचं खालचं कुरण त्याने यंदा तीन वेगवेगळ्या कुळांना देऊन टाकलं. मला हे कळलं तेव्हा आता तीन दावे उभे राहणार म्हणून मी कोट काढून कामाला बसलो, नकाशे मागवले, तिघांना बोलावलं. तिघे आले आणि कोड्यात पडल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी केव्हाच आपसांत ठरवलं होतं. आठवड्यातले दोन दोन दिवस एकेकाच्या गाई, आणि रविवारी कुणाच्याच नाहीत. दादा वाटेत भेटला की तिघेही स्वतंत्रपणे त्याचे आभार मानतात. त्यातला एक मला म्हणाला, "म्हातारबांना कशाला सांगायचं? तीनदा दिल्याचा आनंद होतोय तर होऊ द्या की." आपल्या घराण्याने या लोकांवर तीनशे वर्षं राज्य केलं असं मी समजत होतो. आता वाटतं, निदान गेली दोन वर्षं तरी उलट आहे.

मंगळवारी मी त्याच्याबरोबर कोर्टात गेलो. न्यायपीठावर दादा, त्याच्या शेजारी ठार बहिरा कर्नल (दोघे मिळून एक पूर्ण न्यायाधीश होत असावा), आणि बाजूच्या खुर्चीवर पाहुणा वकील म्हणून मी. खटला पुकारला: ईलाय सग्डन, वय अठ्ठावन्न, गवंडी, स्केल्डरबीच्या रानातून ससा चोरला. म्हणजे रान दादाचं, ससा दादाचा आणि न्यायाधीश दादा! माझ्यातला कायदेपंडित कळवळून अर्धा उठला. टिंडलने माझ्या कोटाचं टोक धरून मला खाली बसवलं.

दादाने ईलायकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. सशाचं नावही काढलं नाही. म्हणाला, "काय रे ईलाय, तुझा टॉम कसा आहे? माझ्या रूपर्टच्याच पलटणीत ना तो?"

टॉम सग्डन रूपर्टनंतर दोन दिवसांनी पडला. चर्चच्या भिंतीवर दोघांची नावं एकाखाली एक आहेत.

ईलाय म्हणाला, "व्हय जी लॉर्डसाहेब. बरा हाय."

"पत्र येतं का?"

"येतं की. ल्हान असतं, पर येतं."

"माझ्या पोराला लिहायचा भारी कंटाळा," दादा म्हणाला. "येतील रे दोघं. सुगीपर्यंत येतील."

"येतीलच की, लॉर्डसाहेब. सुगीला दोघंबी येतील."

दादाने मान डोलावली, ससा आरोपीला परत द्यावा असा हुकूम केला आणि पुढचा खटला बोलावला. कर्नलने मला हळूच विचारलं, शिक्षा किती झाली? मला सांगता आलं नाही. माझा चष्मा पुसण्याच्या अवस्थेत होता.

बाहेर मी ईलायला गाठून आभार मानले. तो कानकोंडा झाला. म्हणाला, "आभार कशाचं, वकीलसाहेब? यंदाचा पाचवा ससा हाय ह्यो. रखवालदाराच्या डोळ्यांसमोरनं घेऊन जातो मी, न्हाईतर तो धरीत न्हाई, लई आळशी हाय. गावात टॉमचं नाव कुणी काढत न्हाई बघा. बायको तर खोलीतनं उठून जाती. एवढे एकच लॉर्डसाहेब इचारतात, टॉम कसा हाय. मंग मला सांगता येतं, बरा हाय म्हणून."

तीस वर्षांत मी शेकडो आरोपी पाहिले. गुन्हा करून पकडलं जाण्यासाठी धडपडणारा पहिलाच.

पण राजीनामा घेणं भागच होतं; वरून एक गृहस्थ पुढच्या मंगळवारी स्वतः येऊन बसणार होता, आणि दादाची कुणा परक्यासमोर शोभा व्हावी हे मला सोसलं नसतं. त्याच दुपारी मी मसुदा त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंग लावून सावकाश वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला (तो हवाच होता) आणि विचारलं, "चांगला लिहिलाय. कुणाचा?"

"एका वृद्ध न्यायाधीशाचा," मी म्हणालो.

"मंजूर करा," दादा म्हणाला. "जायचं कळतंय तोवर जावं माणसाने. आणि कळवा त्याला, वकीलसाहेब, की त्याने मन लावून काम केलं. हे कुणी सांगत नाही हो शेवटी." आणि त्याने ऐटीत सही ठोकली. आपण कशावर सही करतो आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याची सही रद्दबातल असते. तसा निकाल मी स्वतः दिलेला आहे, आणि वकिलांना तो आजही घोकावा लागतो. मी तो कागद घडी करून पाकिटात घातला आणि टिंडलला दिला. आयुष्यातलं हे माझं पहिलं बेकायदा कृत्य (जेली सोडून).

ईलायला आता मंगळवारी मीच घरी बोलावतो. ग्रंथालयात दादा खुर्चीत बसतो, टिंडल सुट्टी टाकून येतो आणि खटला पुकारतो. ससा मिसेस ब्रेथवेट पुरवते.

आता मुख्य काम. डॉक्टरांचं म्हणणं असं की हे यापुढे वाढतच जाणार, बत्तीस खोल्यांचं घर अशा माणसाला सुरक्षित नाही, आणि यॉर्कच्या बाहेर एक चांगलं शुश्रूषागृह आहे, तिथे बागही आहे. त्यासाठी भावंडांची लेखी संमती लागते. विचारांती मलाही हेच योग्य वाटतं. मी लंडनला परतलो की त्याच्याजवळ कोण राहणार? मला तिकडे कामं आहेत, सभागृह आहे, क्लब आहे. सोबत संमतीचा कागद जोडला आहे. तळाशी सही करून उलट टपाली पाठव. मन घट्ट कर. मीही केलं आहे.

मेहुण्यांना नमस्कार, मेंढ्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
ॲम्ब्रोज

ता. क. संमतीचा कागद पाकिटात घालायला गेलो तर सापडेना. मिसेस ब्रेथवेटने त्यात केक बांधून ईलायच्या बायकोकडे पाठवला. मी जाब विचारला तर म्हणाली, "कसला कागद? मला वाचता येत नाही." ती रोज मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. नवा कागद मी मागवलेला नाही.

ता. क. दुसरा. सभागृहात काम आहे असं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. तिथे माझ्या बाकावर आता जो बसतो तो झोपतो, आणि मी बसायचो तेव्हाही तेच व्हायचं. क्लबची खोली सोडली. ट्रंका शनिवारी इकडे आल्या.

ता. क. तिसरा. हे लिहिण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं, आणि आठ पानं झाली तरी धीर होईना.

दादाने ॲम्ब्रोजला पत्र लिहिलं. गेल्या सोमवारी. लिहायला सकाळ लागली, आणि लंडनला पोचवायला माझ्याच हातात दिलं, "वकीलसाहेब, त्याच्याच हातात द्या" असं तीनदा बजावून. मी खोलीत जाऊन उघडलं. एकच ओळ आहे: 'ॲम्ब्रोज, अजून रागावला आहेस का?'

मी लगेच उत्तर लिहिलं. दोन मैल चालत जाऊन टपालात टाकलं, म्हणजे त्यावर रीतसर शिक्का पडावा. बुधवारी ते आलं. दादाने भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे अक्षर ॲम्ब्रोजचं नाही," म्हणाला. "त्याचं छापल्यासारखं होतं. हे कुणीतरी थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याने लिहिलंय. मला बनवताहेत." आणि त्याने मला, त्याच्या वकिलाला, त्या तोतयावर खटला भरायला सांगितलं. मी परोपरीने सांगितलं की मी ॲम्ब्रोजला भेटलो, त्याच्या मनात काही नाही, तो स्वतः म्हणाला. दादाने मान हलवली. "ऐकीव पुरावा," म्हणाला. "तो चालत नाही. ॲम्ब्रोजनेच शिकवलंय मला."

रोज सकाळी तो विचारतो, उत्तर आलं का? बाकी सगळं विसरतो, एवढं विसरत नाही.

तुझं अक्षर मात्र तो ओळखतो ताई. तुझी पत्रं उशाशी असतात. आणि तुझ्या शब्दावर त्याने आयुष्यात कधी अपील केलेलं नाही. म्हणून तू लिही. मी इथे आहे असं लिहू नकोस, तो मानणार नाही आणि घोटाळा होईल. फक्त एवढंच लिही की ॲम्ब्रोज रागावलेला नाही. कधीच नव्हता असं लिहिलंस तरी चालेल. थोडं खोटं आहे, ते माझ्या नावावर घाल.

बोटीला सहा आठवडे जायला, सहा यायला. म्हणजे जानेवारी. डॉक्टर म्हणतात, वसंत ऋतूपर्यंत अक्षरं ओळखू येतील की नाही सांगता येत नाही. तेव्हा मेंढ्या, दाढ, हवा काही लिहीत बसू नकोस. ती एक ओळ मोठ्या अक्षरात लिही आणि आजच टाक.